चेकिंगचं गाणं

भाऊ कोणालाही गाणं ऐकवायच्या आधी त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारायचे. "कान राहू दे," म्हणायचे, "गुडघा दे."

गोंडपिपरीत त्यांची साउंड सर्व्हिस होती आणि मी लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे आमची गाठ मांडवातच पडायची. स्पीकर जोडून झाले की "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणणारा माणूस तुमच्याही गावात असेल. भाऊ तसं म्हणत नसत. ते जॅझ-फंक नावाचं अमेरिकन संगीत लावायचे. माजरीच्या कोळसा खाणीतल्या एका इंजिनिअरने बदलीच्या वेळी त्यांना जुना अ‍ॅम्प्लिफायर विकला, त्याच्यासोबत एक कॅसेट आली. ती झिजायच्या आत भाऊंनी त्यातलं सगळ्यात लांब गाणं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं.

पंचाईत अशी, की त्यात शब्द नसल्यामुळे तालुक्याला ते गाणं वाटतच नव्हतं. लोक त्याला चेकिंग म्हणायचे. पोरं चेकिंगवर नाचायची, बाया धानाच्या रोवणीत चेकिंग गुणगुणायच्या, पण थोडा वेळ गेला की वरबाप यायचाच आणि चेकिंग झालं असेल तर आता गाणं लावा म्हणायचा. "हेच गाणं आहे ना बाप्पा," असं म्हणत भाऊ बंद करायचे.

मला त्यांनी गोदामात बसवून रीतसर शिकवलं. आधी फक्त बास ऐकायचा, म्हणजे जाड तारांची गिटार. गाण्याचं सगळं वजन तिच्या पहिल्या ठोक्यावर. मग ड्रम आणि चिकचिक करणारी दुसरी गिटार. दोन बाया एका उखळात धान कांडतात ना, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, तशी ती दोघं. एवढं अंगात भिनलं की मगच सॅक्सोफोन. पण त्याची चाल काही माझ्या हाती लागेना.

"नाईच लागत. तो मोहफुलं वेचाले रानात गेला," भाऊ म्हणाले. "फिरू दे त्याले, हे झालं जॅझ. बाकीचे घरी ताल धरून बसले, ते फंक. पहिल्या ठोक्यावर येते तो बराबर."

आणि शेवटी तो खरंच आला. मी खुर्ची सोडून नाचलो, यात लाजायचं काय?

भरल्या मांडवात तो एकदा तरी घरी यावा, एवढीच भाऊंची इच्छा होती. पण तो रानात शिरला रे शिरला की कोणीतरी बंद करायला लावायचं. वायरी गुंडाळताना भाऊ हळहळायचे, "आजबी तिथीच राह्यला बिचारा." त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बुकिंग सांभाळायच्या. त्या तर स्वतः येऊन बटण दाबायच्या. लोक हसून राह्यले, काय ऐकायचं ते घरी ऐका, असं सुनावायच्या.

एकदा मात्र जमतच आलं होतं. रानातल्या एका गोंड गावात लग्न होतं. चेकिंग सुरू झालं तसे तिथले ढोलवाले धावत आले आणि त्यांनी पहिला ठोका असा काही धरला की मांडवाचे बांबू हलले. म्हाताऱ्या नाचल्या, नवरदेव हळदीच्या अंगाने नाचला, आचारी झारा घेऊन नाचला. सॅक्सोफोन परतीच्या वाटेला लागला, भाऊंनी माझा दंड घट्ट धरला, आणि लाइट गेली. ढोल काही थांबले नाहीत. भाऊ पोट धरून हसत होते आणि हसता हसता नाचत होते. त्या दिवसाच्या माझ्या सगळ्या फोटोंत चेहरे ठीक आलेत, गुडघे तेवढे हललेले. वरबापाने तक्रार केली, तर भाऊ म्हणाले, लग्नाचे खरे फोटो असेच असतात.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. छातीत कळ आली, चंद्रपूरला नेईपर्यंत सगळं संपलं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. वहिनींना लोकांनी सामान विकून टाकायला सांगितलं. त्यांनी विकलं नाही.

उन्हाळ्यात पहिलं लग्न आलं तेव्हा मशीनवर त्याच बसल्या. त्यांनी चेकिंग लावलं. मांडव भरला, सॅक्सोफोन रानात शिरला आणि ठरल्यासारखा वरबाप आला. "बाई, झालं का चेकिंग?"

वहिनींनी बटण तळहाताने झाकलं.

"नाई झालं. तो घरी येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "येऊ द्या त्याले."

वरबापाला काही कळलं नाही, पण तो तिथेच उभा राहिला. सॅक्सोफोन आला, पहिल्या ठोक्यावर, बराबर. तेवढ्यात मी वहिनींचा फोटो काढला. चेहरा अगदी स्थिर आलाय. साडीखालचा गुडघा हललेला आहे.