तळाला लागलेली बासुंदी

काल शेजारच्या स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला आणि मला आमच्या डेअरीतली एक सकाळ आठवली. तेव्हा बासुंदीच्या कढईवर मी होतो. आमचे जुने साहेब जरा काही चुकलं की चारचौघांत माणसाची लाज काढायचे, त्यामुळं चूक झाकायची कशी, एवढंच आम्ही शिकलो होतो. त्यांच्या जागी पेठ वडगावहून येणाऱ्या मॅडमना रुजू होऊन आठवडाच झाला होता. त्या सकाळी घरून फोन आला, मुलीला सणकून ताप चढला होता. बोलण्याच्या नादात ढवळायचं राहिलं आणि बासुंदी तळाला लागली. सोबतचे एक वयस्कर कामगार हळूच म्हणाले, "वेलची जास्त घाल की, कुणाला कळतंय." मी डबा उघडला, तेवढ्यात मॅडम दारात आल्या. त्यांनी काही विचारायच्या आत माझ्याच तोंडून गेलं, "माझ्या हातनं लागली, मॅडम. पोरगी आजारी हाय, फोनवर हुतो." त्यांनी चमचाभर चाखून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "ही बाहेर जाणार नाही. तुम्ही आधी मुलीला दवाखान्यात न्या, कढईजवळ मी थांबते." दुपारी परतलो, तर नवी बासुंदी उकळत होती आणि तेच वयस्कर कामगार आपण होऊन मॅडमना सांगत होते, "ह्या शेगडीची आच म्हयनाभर कमी हुईत न्हाय. सांगायचं धाडस न्हवतं." आज डेअरीच्या त्याच बासुंदी विभागाचा प्रमुख मी आहे. कुणी मान खाली घालून दारात उभं राहिलं, की मी आधी खुर्ची पुढं करतो.