उपग्रहानं मोजलेला धुरा

ऐका आता. ह्या गोष्टीत एक फसवनारा हाये अन् एक फसनारा. शेवटी वावर कोनाचं गेलं, हे मधातच वळखून दाखवा, मंग मानतो तुमाले! नाई जमनार. मलेच जमलं नवतं, अन् गोष्ट तं माहीच व्हय.

आमच्या केनवड गावात माह्या वावराले लागून किसनभाऊचं वावर. मधात धुरा, म्हंजे बांध. मानूस मोठा गोड, देवभोळा, पन हातात नांगर आला का बिघडे. दर साली धुऱ्यातलं एक तास कोरून आपल्याकडं घे. नांगराची एक रेघ, तिलेच आमी तास म्हनतो. चार सालात माहे चार तासं गेले!

"किसनभाऊ, धुरा सरकून राह्यला."

"पान्यानं वाहून जाते बावा माती."

"ते पानी तुह्याच वावराकडं वाह्यते काहून?"

"आता उताराले मी काय करू?"

पंचाईत बसवली तं पंच म्हने, पाह्यलं कोनी? धुरा कोरताना कोन पाह्यते हो? बैल!

हे पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. माहा साळा हैदराबादच्या तिकडं खडी फोडाले गेल्ता, त्याले भेटाले गेलो. तथं खेड्यातल्या शाळेत टीवी! छपरावर कोंबड्याच्या खुराड्याले लावतात तशी जाळी, भल्या मोठ्या टोपल्यासारखी, आभाळाकडं तोंड करून. तथचा मास्तर म्हने, वर उपग्रह हाये. उगत नाई, बुडत नाई, खुट्याले बांधल्या बैलासारखा एकाच जागी उभा. शहरातून चित्र त्याच्याकडं फेकतात, अन् तो ते गावोगावी खाली टाकते.

म्या इचारलं, "वो हमको देखता क्या?"

"नहीं जी, वो तो सिर्फ हमाल है. इधर का माल उधर!"

हे हमालाचं तेवढं मी तथंच ठेवून आलो.

घरी आल्याबरोबर बैलगाडीच्या मोडक्या चाकाची लोखंडी धाव घेतली, तिच्यावर कोंबड्याची जाळी ताणली, अन् देली बांधून घरच्या टीनाच्या छपरावर. एक तार खाली सोडून ज्वारीच्या कोठीत खुपसली. सांजेले किसनभाऊ आलाच.

"हे काय मांडलं बे?"

"सरकारी हाये, हात नको लावू. वर उपग्रह उभा हाये, त्याले खालचं सगळं दिसते. मांगच्या चार सालाचंही."

"अबे, होऊन गेलेलं कसं दिसन?"

"टीवीत मेलेले मानसं गाताना पाह्यले म्या! चार सालाची काय मात्तबरी?"

किसनभाऊनं हळूच वर पाह्यलं. मंग डोक्यावरून दुपट्टा घेतला, जसा काई उपग्रह वळखीचा निंगाला. "अन्… दाखवते कवा?"

"पुनवेले. साऱ्या गावासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ वावरात! एकेक दगड उचलून धुरा मांगं सरकवून राह्यला. चारही तासं परत! मी निंबाखाली बसून बिडी पेटवली. तशी गोड बिडी जन्मात ओढली नाई.

इथंच थांबलं असतं तं मी शहाना. पन किसनभाऊ पडला भला मानूस! त्यानं गावभर सांगतलं, बाप्पाहो, पुनवेच्या आत आपापलं निस्तरा. झालं! जो तो माह्या अंगनात. कोनी चप्पल काढून जाळीले हात जोडे. एक बुढा म्हने, "भाऊ, म्या फक्त मुगाच्या शेंगा तोडल्या, माहं नाव खोडून टाक." मले लिहता येत नाई, खोडू काय? तरी म्हनलं, जा, खोडलं.

पुनवेले सारे पारावर जमले. किसनभाऊ पयल्या रांगेत, तोंडावर असं तेज! तेवढ्यात माही बायको उठली. चार दिवसापासून कौसल्या धड जेवत नवती, मले वाटलं पोट दुखत असन.

उगवतीच्या अंगाले आमच्या वावराले लागून रखमाकाकूचं वावर. बिचारी एकटी बाई. कौसल्या तिच्यासमोर जाऊन उभी राह्यली.

"काकू, वरून दिसाच्या आधी सांगून टाकलेलं बरं. तुमचा धुरा आमच्या मानसानं कोरला. सात तासं."

म्या तिचा पदर वढला. "चूप वं!"

"चूप कायले? जाळी कोनं बांधली? तुमीच ना!"

बोला आता! जाळी खोटी म्हनलं तं समोर किसनभाऊ बसला हाये, तो उद्याच्या उद्या धुरा परत नेन. खरी म्हनलं तं… सारा गाव माह्या तोंडाकडं पाहून राह्यला. म्या घाम पुसला.

"हाये," म्हनलं, "खरं हाये."

चार तासं आले, सात गेले. धुरा सरकवून देला तवा रखमाकाकू कमरेवर हात ठेवून पाहून राह्यली होती. म्हने, "बाप्पा! सात? मी तं पाचच समजून होती!"