सतरा नंबरचं शून्य

एकतीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर तपासून जो माणूस निवृत्त होतो, त्याच्याकडून भाबडेपणाची अपेक्षा धरू नये. ऑफिसात सगळे काकांना शंकासुर म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं, आणि मनातून ते त्यावर खूशही होते. मीटरच्या डब्यावर सगळीकडे धूळ आणि स्क्रूच तेवढा स्वच्छ, असं दिसलं की ते शिडीवरून खालीच उतरत नसत. सलग तीन महिने एकसारखा आकडा आला की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "माणूस काय यंत्र आहे?" ते म्हणत. "एखाद्या महिन्यात पाहुणे येतात, एखाद्या महिन्यात कुणी आजारी पडतं. आकडा हलायलाच पाहिजे. हलत नसेल तर पाणी कुठेतरी मुरतंय."

निवृत्तीनंतर ही नजर घराकडे वळली. दूध कालच्यापेक्षा पातळ का, साबणाची वडी इतक्या लवकर कशी झिजली, शेजारी हल्ली इतका गोड का बोलतो. बायकोने दोन महिने सोसलं. तिसऱ्या महिन्यात वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून तिने त्यांच्या चहाच्या बशीखाली ठेवली. मुलांच्या दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या झोपेवर संशोधन चाललं होतं आणि घरोघरी जाऊन वह्या गोळा करायला माणूस हवा होता.

"झोपेवर संशोधन?" ते म्हणाले. "झोप लागते किंवा लागत नाही. त्यात शोधायचं काय? पाळणे विकणारे असतील मागे."

"तेच विचारून या," बायको म्हणाली. "पण घराबाहेर जाऊन विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. संशोधन चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी कागदांचा गठ्ठा समोर ठेवला. काकांनी तो मागून-पुढून वाचला आणि त्यात पाळणेवाला सापडला नाही, तेव्हा थोडे हिरमुसले.

काम असं होतं. सहा ते दहा महिन्यांची बाळं असलेली शंभरावर घरं. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केलेले. एका गटातल्या आईवडिलांना बाळाला स्वतःहून झोपायला कसं शिकवायचं ते सांगायचं: रोज संध्याकाळी सगळं त्याच क्रमाने, बाळ पेंगुळलं पण जागं असतानाच अंथरुणात ठेवायचं, रडलं तर जरा थांबून जायचं, थोपटायचं, बाहेर यायचं, पुढच्या वेळी आणखी जरा थांबायचं. दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचा सल्ला: उताणं झोपवा, जवळ उशी नको, मऊ खेळणी नकोत. दोन्हीकडे आई एका वहीत रोज लिहिणार, बाळ कधी झोपलं, किती वेळा उठलं. शिवाय आठवड्यातल्या तीन रात्री बाळाच्या घोट्याला एक छोटा पट्टा बांधायचा. पट्टा हालचाल टिपतो. दर आठवड्याला काकांनी वही आणि पट्टा घेऊन यायचं.

"कुठलं घर कुठल्या गटात, ते तुम्हाला सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि पट्ट्यातलं काही बघायचं नाही. कळलं तर तुम्ही नकळत तसेच प्रश्न विचाराल."

म्हणजे इथे आपल्याच माणसांवर संशय घेतात! काकांना ही जागा एकदम आवडून गेली.

यादीतलं सतरा नंबरचं घर टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. आई घरीच शाळेची दप्तरं शिवायची. बाप मालगोदामात पाळीवर जायचा, तो काकांना कधी दिसला नाही. सासू खिडकीशी बसून दप्तरांचे दोरे कापायची. पहिल्याच दिवशी काकांनी तिला "आजी" म्हटलं, तेव्हा तिने कात्री खाली ठेवली. "आजी कुणाला म्हणता? माझ्याच वयाचे दिसता." तेव्हापासून ते तिला काहीच म्हणत नसत. बाळ आठ महिन्यांची मुलगी, खाली दोन दात, आणि त्या दोन दातांनी आईची मापाची टेप चावून सत्तर ते पंचाहत्तरमधले आकडे तिने पार पुसून टाकले होते.

पहिले दोन आठवडे वही कशी असावी तशी होती. कुठे पाच वेळा उठली, कुठे सहा. एका पानावर दुधाचा डाग, एका ठिकाणी वाक्य अर्धंच सोडलेलं. आईचे डोळे सुजलेले, शिवण वाकडी. तिसऱ्या आठवड्यात आकडे उतरले. तीन, दोन, एक. मग शून्य. चौथ्या आठवड्यात सातही दिवस शून्य. आठला झोपली, सहाला उठली, मध्ये शून्य. पाचव्यातही तेच. अक्षर सुबक, एकाच पेनाचं.

काकांनी जिन्यातच वही उघडून ती पानं तीनदा पाहिली. चौदा दिवस आकडा हललेला नाही. मूल आहे की मीटर?

त्या दुपारी ऑफिसात पट्टे मशीनला लावणारी मुलगी जेवायला उठली होती. पडद्यावर रेघा होत्या. काकांना बघायचं नव्हतं असं नाही. वरच्या कोपऱ्यात सतरा दिसला आणि ते खुर्चीवर बसले. सपाट रेघेत मध्ये मध्ये टोकं होती. एका रात्री चार, दुसऱ्या रात्री पाच, तिसऱ्या रात्री चार.

"काका!" मुलगी डबा हातात घेऊनच धावत आली. "हे तुम्ही बघायचं नाही."

"टोकं म्हणजे काय?"

"जाग. उठा आता."

ते उठले, पण संशय बसला तो बसलाच. वहीत शून्य, पट्ट्यात चार. दोघांपैकी एक तरी खोटं बोलत असणार, आणि पट्ट्याला खोटं बोलून काय मिळणार? बाई आठवड्याची वही एका बैठकीत भरत असेल. किंवा सासू गुपचूप उठून मुलीला मांडीवर घेत असेल. किंवा पट्टा दुसऱ्याच कुणाच्या पायात. मीटरला वळसा घालून तार टाकणारी माणसं त्यांनी पाहिली होती. तिथे पट्ट्याची काय कथा.

पुढच्या खेपेला त्यांनी आपली जुनी पद्धत वापरली. आधी शेजारी. दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षक राहत होते. काकांनी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "वरच्या बाळाचा रात्री फार त्रास होत असेल ना?"

"पूर्वी व्हायचा," शिक्षक म्हणाले. "मध्ये तीन-चार रात्री तर विचारू नका. आता नाही. का हो?"

"काही नाही, असंच."

असंच विचारलेला प्रश्न जिना चढून वर जातो, हे काकांनी एकतीस वर्षांत शिकायला हवं होतं. आठवड्याने ते गेले तेव्हा शिलाई मशीन बंद होतं. वही आणि पट्टा टेबलावर मांडून आई उभी होती. मूल तिच्या कडेवर.

"काका, खाली चौकशी केलीत माझी?"

"चौकशी नाही, ताई. जरा विचारलं."

"काय विचारलं? मी खोटं लिहिते का, हेच ना?"

काका गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. पण एकदा शिडी चढल्यावर त्यांना उतरता येत नसे. "तुमच्या वहीत शून्य आहे," ते म्हणाले. "पट्ट्यात चार-चार, पाच-पाच वेळा जाग दिसते. मग वही भरली कुणी?"

आईच्या चेहऱ्यावर राग होता, तो क्षणभर कुठे तरी गेला. तिने मुलीकडे पाहिलं. मग पट्टा उचलून काकांच्या हातात ठेवला. "घेऊन जा. आम्हाला नको तुमचा अभ्यास."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता काकांची अशी हजेरी घेतली की तशी साहेबांनीही एकतीस वर्षांत घेतली नव्हती. न बघायचं ते बघितलं, ते घरच्यांना सांगितलं, आणि एक घर गमावलं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"काका, दोन्ही खरं आहे."

"दोन्ही कसं खरं असेल?"

"मुलं रात्रीतून अनेकदा जागी होतात. सगळीच. तुम्ही-आम्हीही होतो. कूस बदलतो, सकाळी आठवत नाही. फरक आहे तो हाक मारण्यात. ज्याला पुन्हा आपलं आपण झोपता येतं ते हाक मारत नाही, आणि आईला वाटतं ते उठलंच नाही. आधीच्या काही अभ्यासांत हेच दिसलंय. आईबाप सांगतात कमी उठतं, पट्टा सांगतो पूर्वीइतकंच उठतं. तेच तर आम्हाला नीट बघायचं होतं."

काका म्हणाले, "म्हणजे शिकवलं काय त्या पोरांना? झोपायला, की गप्प बसायला?"

"हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. काही ठिकाणी पाच-सहा वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली. स्वभावात, आईशी असलेल्या नात्यात फरक सापडला नाही. वाईट नाही, आणि फार चांगलाही नाही."

"सापडला नाही की शोधला नाही?"

"जेवढा मोजता येतो तेवढा शोधला. आया मात्र जरा सावरलेल्या दिसतात. तेही सगळ्याच अभ्यासांत नाही." त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. "आणि शिकवलं नाही तरी बिघडतं असंही नाही. बरीच मुलं मोठी होता होता आपोआप हाका कमी करतात."

संध्याकाळी गच्चीत बायको कपडे काढत होती. काकांनी तिला सगळं सांगितलं, आपली चूक जरा पातळ करून. शेवटी म्हणाले, "आपल्या मुलीचं असलं काही नव्हतं. पहिल्या महिन्यापासून रात्रभर झोपायची."

बायकोच्या दातांत चिमटा होता, तो तिने काढला. "कोण म्हणतं?"

"मीच सांगत आलोय सगळ्यांना."

"तुम्ही झोपायचात. ती नाही."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"आधी तुम्हाला सकाळी शिडी चढायची असायची म्हणून. मग रागाने. मग विसरून गेले." तिने चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा नीट. जमिनीला लागतेय."

दोन दिवसांनी ते सतरा नंबरला गेले, हातात ना वही ना पट्टा. दार सासूने उघडलं. सून तयार दप्तरं पोचवायला गेली होती. "बसा," सासू म्हणाली. तिचा सूर काही बसा म्हणण्याचा नव्हता. "तुम्ही गेलात तेव्हापासून ती झोपलेली नाही. कान लावून पडून राहते. पोरगी जरा हलली की उठून बघते. आम्ही इतके दिवस मिळवलेली झोप तुम्ही एका वाक्यात घालवलीत."

काकांना बसवेना. तेवढ्यात सून आली, मुलीला कडेवर घेऊन. काकांना बघून दारातच थांबली.

"माझं चुकलं," काका म्हणाले. "वही खरी होती. मुलं उठतात, आवाज करत नाहीत, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

"त्यांनी सांगितलं म्हणून. मी सांगितलं तेव्हा नाही."

आईने मुलीला खाली ठेवलं. "ती खरंच चार-चार वेळा उठते? आणि मला हाक नाही मारत?" हा प्रश्न काकांना होता की मुलीला, ते कळेना. "दमून गप्प बसते का हो? आई येत नाही म्हणून?"

काकांच्या मनात तोच संशय होता, पण या वेळी त्यांनी तो ओठांवर येऊ दिला नाही. उत्तर सासूने दिलं.

"दमून कशाला? मी ऐकते ना. या वयात झोप कुठे. ती उठते, पायाचा अंगठा हातात धरते, काय काय बडबडते, आणि आपली आपण झोपते. रडली असती तर मी तुझं ऐकून पडून राहिले असते का?"

सून तिच्याकडे वळली. "मग आई, तुम्ही हे बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? वहीत तुझं नाव आहे, माझं नाही."

सुनेला हसू आलं की रडू, ते तिने पाठ फिरवून लपवलं. काका "येतो" म्हणाले. त्यावर कुणी "या" म्हटलं नाही, पण दार त्यांच्या तोंडावर लावलंही नाही.

त्या घराला अभ्यासात परत घेता आलं नाही. आईला आता पट्ट्यातलं माहीत झालं होतं, तेव्हा तिची वही पहिल्यासारखी राहणार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नोंद केली: एक घर बाहेर, कारण कर्मचाऱ्याची चूक. काकांनी ती ओळ वाचली आणि खाली सही केली. मग एक कागद मागून घेतला आणि त्यावर लिहून दिलं, की वहीतला प्रश्नच चुकीचा आहे. 'बाळ किती वेळा उठलं' हे आईला विचारू नये. 'तुम्हाला किती वेळा कळलं' असं विचारावं, म्हणजे कुणी खोटं ठरणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालू अभ्यासात बदल करता येत नाही, पुढच्यात करू. त्या खरंच करतील का, याबद्दल काकांना शंका होती, म्हणून त्यांनी त्या कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवली.

वर्षभराने बसच्या थांब्यावर सतरा नंबरची आई भेटली. पाठीवर दप्तरांचं गाठोडं, आणि मुलगी बोट धरून चालत होती, दर चार पावलांनी खाली बसत होती. आईचा चेहरा भरला होता.

"बरं आहे ना?" काकांनी विचारलं.

"बरं आहे. कधी कधी कान जातो तिकडे. पण झोपते मी."

मुलगी रात्री किती वेळा उठते, हा प्रश्न त्यांच्या जिभेवर आला होता. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "हिच्या बाबांची गोदामातली पाळी बदलली का?"

"दिवसाची झाली आता," ती म्हणाली. बस आली. काकांनी गाठोडं वर चढवून दिलं.