मिरचीचं बाळंतपण

आमच्या डहाणूकडे थंडी म्हणजे मिरचीचा हंगाम. डिसेंबरात शेतं मिरचीने लगडतात, टेम्पो भरभरून माल मुंबईला जातो. नेमक्या त्याच दिवसांत, सतरा साली, आमच्या ह्यांनी अंगणातल्या मिरचीच्या तीन कुंड्या उचलून झोपायच्या खोलीत आणल्या. थंडी बाधेल म्हणून! मी कपाळाला हात लावला.

मूळ कारण आमची लेक. कॅनडात शिकायला गेलेली, तिचा तिथला पहिलाच हिवाळा. ह्यांनी दिलेलं बी तिने तिकडे रुजवलं होतं आणि बर्फ पडायच्या आधी रोप खोलीत घेतलं होतं. "बाबा, तुम्हीपण आत घ्या ना. मग मला इतकं एकटं नाही वाटणार," असं ती फोनवर म्हणाली. झालं! इथे आमच्या गावात, बोर्डीत, मला पंख्याशिवाय झोप येईना आणि मिरच्यांसाठी पंखा बंद, खिडक्या बंद, वर माझी चांगली शाल त्यांच्या अंगावर.

आमच्या वाडीत मिरची तोडायला सायवन गावची एक बाई यायची. पाणी मागायला आली तेव्हा ती आत डोकावली आणि हळूच म्हणाली, "बाय, मिरची बालंतीन झाली का?" मी हसून लोटपोट. दुसऱ्या दिवशी तिने शेकायला म्हणून टोपलीभर कोळसे आणून ठेवले. थट्टा होती की माया, मला अजून कळलेलं नाही. ह्यांनी मात्र ते ठेवून घेतले.

आठवड्याभरात झाडं पिवळी पडली. मग हे कामावर गेले की मी कुंड्या उन्हात ओढायची आणि ते यायच्या आत परत खोलीत. जानेवारीत मिरच्या लागल्या. "बघ, ऊब लागते झाडाला," हे ऐटीत म्हणाले. मी आतल्या आत रागाने नुसती धुमसत होते.

एका दुपारी कुंड्या अंगणात असतानाच लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिने पाहिलंच. "आई, झाडं बाहेर कशी?"

"अगं, झाडाला ऊन नको का?" मी फणकाऱ्याने म्हणाले.

ती म्हणाली, "इथे ऊनच नसतं गं. माझं झाड कधीच गेलं. बाबांना नको सांगूस." आणि रडायला लागली.

एका हातात फोन धरून मी तिन्ही कुंड्या एकेक करून खोलीत ओढल्या आणि घामाने निथळत तिला म्हटलं, "इथेही आज फार गारठा आहे गं, बाळा."