अकोल्यात वारलेली जपानी बाई

चहा येईस्तोवर एक कबूल करून टाकतो. माझ्या हातून एक बाई मेली आहे. जपानी होती बिचारी. अकोल्याच्या उन्हानं गेली, असं मी सांगितलं, आणि लोकांनी तिच्या नावानं उदबत्तीसुद्धा लावली.

असं पाहू नका माझ्याकडे. पोलीस आले नाहीत. ते आले असते तर बरं झालं असतं, असं मात्र मला एक अख्खी दुपार वाटत होतं.

मी लेडीज टेलर. जठारपेठेत दुकान. कापसाचे वाईट दिवस होते ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. कापूस गेला की शेतकरी बसतो हे पेपरात येतं, त्याच्यामागं शिंपीही बसतो हे कुठं येतं? लग्नं पुढच्या सालावर ढकलली जायची. नवरीचे ब्लाउज कोण शिवणार? माझ्या मशीनच्या पाट्यावर गल्लीतली मांजर झोपायची आणि मीही तिला उठवत नसे. दोघांनाही दुसरं काम नव्हतं.

आमची अर्चना तेव्हा अमरावतीहून घरी परत आलेली. तिथं कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. क्लासला पोरंच येईनात, कारण फी भरणारे बाप त्याच कापसावर बसलेले. क्लास बंद पडला आणि पोरगी आपला कॉम्प्युटर घेऊन मधल्या खोलीत बसली. वीज असेल तेव्हा त्याच्यासमोर, नसेल तेव्हा भिंतीसमोर.

एक दिवस मी डोकावलो. पडद्यावर एक बाई उभी. झगा घातलेली, रुंद बाह्या, कमरेला पट्टा.

"हे काय करून राहिली व?"

"कपडे बनवून राहिली, बाबा. जपानी पद्धतीचे."

"कॉम्प्युटरात?"

मग तिनं समजावलं. बाजारात एक गेम मिळतो. जगभरातले हौशी लोक त्या तयार गेममध्ये आपलं नवं गाव, नवी माणसं, नवे राक्षस घालतात. त्याला म्हणतात मॉड. हिच्या मंडळींनी एक डोंगरातलं राज्य उभं केलं होतं. बोलणारे कोल्हे, पाण्यातली भुतं, आणि बाजारात फिरणारी जपानी धाटणीची माणसं. त्या माणसांना कपडे घालायचं काम अर्चनाकडं. पुण्याच्या एका गेमवाल्या ऑफिसातल्या साहेबानं तिला सांगितलं होतं, तुझं नाव असलेलं एक पुरं काम दाखव, मग नोकरीचं बोलू. म्हणजे त्या झग्यांवर पोरीचं पुणं अवलंबून होतं.

मी पडद्याकडं पाहिलं आणि माझ्यातला शिंपी जागा झाला.

"अर्चे, या बाईनं कपडा घातला का टेबलावरचं प्लास्टिक?"

तिचा चेहरा पडला. "तेच तर ना. चुण्याच बराबर पडत नाईत. खरा कपडा समोर असता तर पाहून केलं असतं."

बस. मांजरीला उठवलं.

पुरुषाचा झगा मांजरपाटाचा शिवला. बाईच्या झग्याला रेशीम पाहिजे होतं. ते आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं, अर्चनाच्या आईच्या ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या साडीच्या रूपानं. कसं मिळवलं ते विचारू नका. 'पोरीच्या नोकरीसाठी' असं मी सतरांदा म्हटलं, एवढंच सांगतो.

आता चूक कुठं झाली ते नीट ऐका, कारण ही चूक करायला पंचवीस वर्षांचा अनुभव लागतो. नवशिक्याच्या हातून ती होणारच नाही. आमच्या धंद्यात शर्टाची डावी बाजू वर येते, उजवी खाली. ब्लाउजची उलट. बाईच्या कपड्याची उजवी बाजू वर. हे मला माझ्या उस्तादानं, रहीमचाचांनी, कान धरून शिकवलेलं. म्हणून पुरुषाचा झगा मी डावी बाजू वर ठेवून शिवला आणि बाईचा उजवी बाजू वर.

अर्चनानं पाहिलं. "बाबा, जपानच्या फोटोत तर बायांचीबी डावीच बाजू वर दिसते."

"फोटो उलटा छापला असंल. स्टुडिओवाले फिल्म उलटी ठेवतात. आमच्या लग्नाच्या फोटोत तुझी आई माह्या उजवीकडं हाय का डावीकडं, काई पत्ता लागते का?"

"सगळेच फोटो उलटे, बाबा?"

इथं गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझा स्वभाव तुम्ही जाणता. कपड्यात कापड कमी पडलं तर मी जोड देतो, आणि गोष्टीत खरं कमी पडलं तरी देतो.

"अवो पोट्टे, म्या डोळ्यांनं पाह्यलं हाय. एक जपानी व्यापारी कापूस पाहाले अकोल्यात आला होता. बायको संगं होती. तिचा झगा फाटला तं म्याच रफू केला. उजवी बाजू वर होती. आता सांग, तू खरी का तुया बाप?"

बाप खरा ठरला. बापच तो.

आईला झगा नेसवून अर्चनानं चहूबाजूंनी फोटो काढले. बिचारी पंख्याखाली पुतळ्यासारखी उभी राहिली. "मले ह्या पट्ट्यात श्वास घेता येऊन नाई राह्यला," म्हणाली. मी म्हटलं, राणीसारखी दिसतेस. त्याच फोटोंवरून पडद्यावरच्या बाईला चुण्या पडल्या आणि काय सांगू, कापड जिवंत झालं. मग त्या एका झग्यावरून अर्चनानं अख्खा बाजार सजवला. भाजीवाल्या, पंखे विकणाऱ्या, राजवाड्यातल्या दासी आणि वरूडच्या संत्र्यांसारखी संत्री घेऊन बसलेली एक म्हातारी. सगळ्यांची उजवी बाजू वर.

मॉडवाल्यांत जपानमधली एक बाई होती, मिचिको. जपानी म्हणून जे काही आत जायचं ते आधी ती तपासायची. पण तेव्हा ती बरेच आठवडे गायब होती. म्हणून बाकीच्यांनी अर्चनालाच विचारलं, हे बरोबर आहे ना? पोरीनं ठणकावून लिहिलं, माझ्या वडलांनी खऱ्या जपानी बाईचा झगा रफू केलेला आहे.

तिकडं सगळे खूश.

आणि मग मिचिको परत आली.

त्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो तर अर्चना पडद्यासमोर नुसती बसलेली. मी विचारलं काय झालं. तिनं मिचिकोचा मजकूर मराठीत करून वाचला. बाई फार सभ्यपणे लिहीत होती. तिची आई नुकतीच वारली होती. आमच्याकडं, तिनं लिहिलं होतं, बाई असो की बुवा, जिवंत माणसाची डावी बाजू वर असते. उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची ठेवतात. आईला मी माझ्या हातानं तशी नेसवली. काल गेम उघडला तर सगळा बाजार तशाच बायांनी भरलेला. मला पुढं पाहवलं नाही, बंद केला.

मग स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"म्हंजे मले मढं करून उभं केलं होतं तुमी?"

मी मागं वळून पाहिलं. दारात अर्चनाची आई.

"लग्नाच्या साडीत," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. ती ओरडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

अर्चनानं पुढचं वाचलं. "म्हंते, तुमच्या वडलांनी खरी जपानी बाई पाह्यली, तं ते असं कसं चुकले? काई येगळं कारण असंल." ती माझ्याकडं वळली. "बाबा, काय कारण असंल?"

पाहा, बाई स्वतः दार उघडून देत होती. चूक झाली, माफ करा, एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण पोरीनं माझ्या शब्दावर जगासमोर पैज मारलेली. तिला खोटं पडू देऊ? माझी जीभ माझ्याआधी निघाली.

"अवो, ती बाई इथंच वारली ना. उन्हानं. आपलं मे महिन्याचं ऊन, जपानी माणसाले कुठी झेपते? तिले तसंच नेसवलं होतं. म्हून माह्या डोक्यात थेच राह्यलं."

किती नीट बसलं पाहा. एक टाका इकडं नाही, तिकडं नाही. मला स्वतःलाच गहिवरून आलं.

अर्चनानं लिहून पाठवलं. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर. मिचिकोनं त्या बाईसाठी घरी आईच्या फोटोशेजारी उदबत्ती लावली होती. आणि विचारलं होतं, तिला कुठं पोचवलं? तिच्या माहेरी कोणाला कळलं का? परक्या गावात तिची राख तशीच राहिली असेल, तर मी इथं चौकशी करते. तिची कोणीतरी वाट पाहत असेल.

"बाबा, चला," अर्चना म्हणाली. ओढणी घेऊन तयारच होती.

"कुठी?"

"मोक्षधामात. तिथल्या मानसाले आठवत असंल."

आता मला सांगा, मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? स्कूटरवर पोरगी मागं बसली. वाटेत मी दोनदा पेट्रोल संपल्याचं नाटक करायचा विचार केला. स्कूटरनं साथ दिली नाही.

मोक्षधामातला म्हातारा बाकावर तंबाखू मळत बसलेला. अर्चनानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"जपानची बाई," तो म्हणाला. "कोणत्या साली?"

अर्चनानं माझ्याकडं पाहिलं.

"झाले असतील... लय वर्सं," मी म्हटलं.

"माह्या हयातीतच असंल ना? मी इथंच म्हातारा झालो." त्यानं डोकं खाजवलं. "मले आठवून नाई राह्यलं. असं व्हाले नाई पाहिजे. इथं आलेलं मानूस मी इसरत नाई." आणि खरंच कासावीस झाला हो. आपलंच काही चुकलं, आपण एखाद्या परदेशी बाईला विसरलो, असं त्याला वाटायला लागलं. "थांबा," म्हणाला, "माह्या बायकोले इचारून येतो. तिले आठवते सगळं."

तेवढ्यात फाटकातून चारसहा माणसं आली. हिवरखेडकडची होती, बोलण्यावरून कळलं. इथल्या दवाखान्यात माणूस गेला होता आणि ते राख सावडायला आलेले. सगळ्यात मागं अर्चनाच्या वयाची एक मुलगी होती. सावडणं झाल्यावर तिनं पांढऱ्या फडक्याची गाठ दोन्ही हातांनी छातीशी धरली. कोणीतरी म्हटलं, आण मी घेतो. तिनं मान हलवली. गाठ सैल होती म्हणून ती पुन्हा बांधायला खाली बसली आणि तिला ती बांधता येईना. आमचा म्हातारा उठला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि गाठ बांधून दिली.

मग तो परत आमच्याकडं आला. "हां, तं तुमची जपानची बाई."

मी म्हटलं, "नव्हती."

"काय?"

"अशी बाई नव्हती. व्यापारीबी नव्हता. म्या बनवली."

म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मेलेलं मानूस इथं रोज येते," तो म्हणाला. "न जलमलेलं पैल्यांदाच पाहून राह्यलो." आणि आपल्या बाकावर जाऊन बसला.

अर्चना स्कूटरपाशी उभी होती. मला वाटलं रडेल, बोलेल, काहीतरी करेल.

"काहून, बाबा?"

"तू खोटी पडशीन म्हून."

"मंग आता?"

मी स्कूटरला किक मारली. घरी येईस्तोवर ती माझ्या खांद्याला न धरता, मागच्या कडीला धरून बसली. पोर असल्यापासून ती खांद्याला धरून बसते.

घरी आल्यावर तिनं कॉम्प्युटर सुरू केला आणि मला खुर्ची दिली. "तुमीच सांगा. मी फक्त टाईप करतो."

मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जेवढी होती तेवढीच सांगितली आणि फार छोटी झाली हो. ब्लाउजची पद्धत सांगितली. बाई नव्हती हे सांगितलं. तुमच्या आईच्या दुःखात मी खोटी राख आणली, याची लाज वाटते, असं म्हटलं. पोरीचा दोष नाही, तिनं बापावर भरोसा ठेवला, एवढाच काय तो. हे टाईप करताना अर्चनाची बोटं जराशी थांबली, मग पुढं गेली.

मिचिकोचं उत्तर दोन दिवसांनी आलं. लिहिलं होतं, 'उदबत्ती लावून झालेली आहे, ती परत घेता येत नाही. कोणी जन्मलं नाही म्हणून त्याच्यासाठी लावू नये असा आमच्यात नियम नाही. असू द्या.' आणि पुढं, कामाचं. बाजारातल्या बाया सरळ करा. पण जुने कपडे टाकू नका. डोंगरापलीकडं मेलेल्यांचं एक गाव करू, ते तिथं शोभतील. संत्रीवाल्या म्हातारीला तिथल्या देवळाच्या पायरीवर बसवा. माझी आई तशी बसायची.

अर्चनानं सगळा बाजार पुन्हा शिवला. लोडशेडिंग सांभाळत, रात्री-अपरात्री. मी बाजूला बसून नुसतं हो म्हणायचो, तेही विचारलं तरच. ते काम पुण्याच्या साहेबानं पाहिलं आणि तिला बोलावलं. बॅग भरायच्या दिवशी तिनं आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवून गेमच्या शेवटी येणारी, काम करणाऱ्यांची नावं दाखवली. इंग्रजीत होती, तिनं वाचली.

"जिवंत लोकांचे कपडे, अर्चना." मग खालची ओळ. "मेलेल्या लोकांचे कपडे, अर्चनाचे वडील."

पंचवीस वर्षं लेडीज टेलर, आणि जगात नाव झालं ते असं.

अर्चनाच्या आईनं पदर सावरला, पडद्याजवळ जाऊन ती ओळ नीट पाहिली आणि म्हणाली,

"चांगलं झालं. हे गिऱ्हाईक तरी काखेत आवळते म्हून वापस येनार नाई."