इकबाल हाय, सरकार

तीर्थपुरीचा रखमाजी पगडीवाल्या माणसाला 'न्हाई' म्हणायला कधी शिकलाच नाही. पाटील म्हणाला, वेठीला ये, तर हा "हाव." पोलिसाचा जवान म्हणाला, कोंबडी दे, तरी "हाव." निजामाच्या राज्यात अदालतीची भाषा उर्दू, त्यातलं 'सरकार' तेवढं ह्याला येत होतं.

बद्रीनाथ पाटलाचा बैल त्याच्या हरभऱ्यात शिरला. रखमाजी त्याला कोंडवाड्याकडं घेऊन निघाला, तर वाटेत जवानानं बैलचोर म्हणून धरलं. खरं काय ते एकट्या इकबाल पिंजाऱ्यानं पाह्यलं होतं.

तालुक्याच्या अदालतीत हाकिमानं विचारलं, "इकबाल है?"

म्हणजे, गुन्हा कबूल आहे का? रखमाजीला वाटलं, साक्षीदाराला हाक मारली.

"हाय, सरकार! भायेरच बसलाय."

पेशकार कारकुनानं पहिले दोन शब्द लिहून घेतले. पुढचं मराठीत होतं, ते सोडून दिलं. दोन सालाची कैद झाली.

वर अपील गेलं. गरीब म्हणून सरकारनंच वकील दिला, गिरधारीलाल. त्यांनी कागद वाचले ते तारखेच्या दिवशी, अदालतीच्या ओट्यावर, पान चघळत.

"वकीलसाहेब, बैल आपल्या पायानं आल्ता..."

"बैल राहू दे. सगळा घोळ तुझ्या इकबालनं केलाय. तो वापस घेऊ, बस. समजलं?"

वकिलाच्या डोक्यावर पगडी होती. रखमाजी म्हणाला, "हाव."

आत वकील झकास बोलले. हाकिमानं मान डोलावली अन् खुद्द आरोपीला विचारलं, "इकबाल वापस लेते हो?"

रखमाजीनं दाराकडं पाह्यलं. त्याच्या बायकोनं, सोनूबाईनं, दोन दिवस गाडी हाकून इकबालला आणलं होतं. बिचारा पिंजण बंद ठेवून आला होता. त्याला असाच वापस धाडायचा? रखमाजीला जन्मात पहिल्यांदा कंठ फुटला.

"न्हाई, सरकार! इकबाल ऱ्हाऊ द्या!"

अपील खारिज झालं.

शिपायांनी रखमाजीला मागच्या दारानं नेलं. सोनूबाई वकिलाच्या आडवी झाली. "मालकाला कवा सोडत्यात?"

"दोन सालानं. मी बराबर चालवलं होतं, बाई. तुझा नवराच इकबालवर अडून बसला."

सोनूबाई गर्रकन वळली. "काय रं मुडद्या, काय सांगितलंस आत?"

इकबाल उंबऱ्याबाहेर उभ्याचा उभा. "भाबी, अल्ला कसम, मय तो मूँ बी नै खोला!"