आगाऊ फेडलेला नवस

ती नाहीशी झाली त्या संध्याकाळी आमच्या इमारतीतून एकतीस माणसं तिला शोधायला बाहेर पडली. कोण कुठल्या बाजूला गेलं हे सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून आकडा पक्का आहे. इमारतीत सदनिका चोवीस, म्हणजे घरटी एकाहून जास्त माणूस झालं. मुलगी आठ वर्षांची, माझ्या समोरच्या घरातली. शिकवणी दोन गल्ल्या पलीकडे. ती वर्गातून निघाली हे तिथल्या बाईंनी सांगितलं, वळणापर्यंत आली हे किराणा दुकानदाराने सांगितलं. त्यापुढे तिला पाहिलेलं कोणी भेटलं नाही.

घरात ती आणि बाप, दोघंच. आई आजारपणात जाऊन दोन वर्षं झाली होती. बाप सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. उंच, कमी बोलणारा, जाड मिशीचा. मुलीची वेणी घालायला तो माझ्या बायकोकडून शिकला होता आणि त्याने घातलेली वेणी नेहमी एका बाजूला कलायची.

पहिल्या काही दिवसांत लोकांनी खरोखर कष्ट केले, हे सांगितलं पाहिजे. तरुण मुलांनी फोटोचे कागद छापून घेतले आणि मोटारसायकलींवरून विंचूर, मालेगाव, सटाण्यापर्यंत जाऊन स्टँडवर चिकटवले. खाली बापाचा नंबर. बायकांनी आळीपाळीने डबे दिले. माणसं रोज थोडी कमी होत होती, पण ते साहजिक होतं, कामधंदा कोणाला चुकलाय. चौथ्या-पाचव्या संध्याकाळीही मला चौदा जण मोजता आले.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची आई तिसऱ्या मजल्यावर राहते. ती एका दुपारी मुलीच्या बापाकडे येऊन बसली. माझी बायको डबा द्यायला गेली होती, त्यामुळे पुढचं तिने स्वतः ऐकलेलं आहे. म्हातारी त्याला म्हणाली, "बाबा, पोलीस त्यांचं काम करतील. तू गडावरच्या देवीला केस बोल. माझा हाच मुलगा तापात हातचा गेला होता, त्याच्या बापाने केस बोलले आणि पोरगा उठून बसला."

तो म्हणाला, "बोलतो."

नवस आधी बोलायचा असतो आणि काम झालं की फेडायचा असतो, हे लहान मुलालाही माहीत असतं. पोर घरी येऊ दे, मग केस देईन, असा तो व्यवहार. याने थांबायचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गोदाघाटावर कागद चिकटवत हिंडत होता. तिथे केस काढणारे ओळीने बसलेले असतात, कारण दहाव्याचे विधी तिथेच होतात. त्यातल्या एकासमोर हा जाऊन बसला. डोकं झाल्यावर त्या माणसाचा हात सवयीने मिशीकडे गेला. घाटावर बसणारं गिऱ्हाईक बहुतेक त्याच कामाला आलेलं, त्यामुळे विचारायची त्याला गरज वाटली नसावी. यानेही अडवलं नाही.

संध्याकाळी तो जिन्यात दिसला तेव्हा मी त्याला क्षणभर ओळखलंच नाही. बायकोने आत बोलावून चहा दिला आणि विचारलं, "भाऊ, हे काय करून आलात? आधीच?"

"वहिनी, म्हटलं आधीच देऊन टाकू," तो म्हणाला. "देवीने घेतलं म्हणजे तिला परत द्यावंच लागेल. ठेवून कशी घेईल?"

चहा पिऊन तो पुन्हा कागद घेऊन बाहेर पडला.

घाटावर कोणीतरी त्याचा फोटो काढला होता. पायरीवर बसलेला, डोकं सफाचट, मिशी नाही, मागे नदी. रात्रीपर्यंत तो आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आला, आणि खाली ओळ होती: बापाने मुलीचा दहावा घातला. सकाळी दूधवाल्याच्या मोबाईलवर तोच फोटो होता. म्हणाला, "साहेब, तुमच्या समोरचाच ना? त्याच्या दाराचा एखादा फोटो द्या ना."

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये नेहमीच्या वेळेला माणसं जमली. शोधायला निघायची ती वेळ. कोणी निघालं नाही.

"मिशीसुद्धा काढलीय बघा," पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "घरातलं माणूस गेल्याशिवाय मिशी काढतं का कोणी?"

"म्हणजे ती गेली हे त्याला माहितीये."

"माहितीये काय! स्वतःच्या हाताने नदीत सोडली असेल, आणि तिथेच बसून केस काढले."

"तरी मी म्हणत होते, एकदा रडला नाही तो."

"रडेल कशाला? दुसरीचं ठरलं असणार. पोर मधे येत असेल."

मी सांगितलं की त्याने नवसाचे केस दिलेत. यावर सगळे हसले. सेक्रेटरी म्हणाले, "काम व्हायच्या आधी नवस? ॲडव्हान्स बुकिंग?" पुन्हा हसले.

मी म्हणालो, "दहावा म्हणताय तर दिवस तरी मोजा. ती हरवली तेव्हापासून दहा दिवस झालेलेच नाहीत. आणि एवढ्याशा मुलीसाठी बाप मिशी काढतो, असं तुमच्यापैकी कोणाच्या घरी झालंय?"

मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे विधीसुद्धा धड केला नाही मेल्याने."

सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, हिशेब ऑफिसात करा. इथे माणूस ओळखावा लागतो."

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की वरच्या आजी एक शब्द बोलल्या तर हे इथेच थांबेल. ती लगेच वर गेली. म्हातारी पोळ्या लाटत होती. सून शेजारी उभी होती. बायको म्हणाली, "आजी, केस बोलायला तुम्हीच सांगितलं होतं ना त्यांना? एवढंच खाली येऊन सांगा."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला नाही गं आठवत."

"माझ्यासमोर सांगितलंत, आजी."

सून म्हणाली, "त्यांना नाही आठवत म्हणाल्या ना? पोलिसांच्या भानगडीत म्हातारं माणूस कशाला ओढता?" आणि दार पुढे केलं.

दोन दिवसांनी एक मुलगा माईक घेऊन गेटवर आला. त्याचा कुठलासा चॅनल होता. आमच्या इमारतीतले सहा जण त्याच्यासमोर बोलले. त्यातले दोघं त्या माणसाशी आयुष्यात एक वाक्य बोललेले नव्हते. एकीने सांगितलं की मुलीच्या रडण्याचे आवाज यायचे. त्या बाईची सदनिका मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. मी समोर राहतो, दोन दारांत सहा फुटांचं अंतर. माझ्या कानांवर त्या घरातून जे रडणं आलं ते एकदा, मुलीचा दात पडला तेव्हाचं.

त्यानंतर पोलीस त्याला चौकशीला घेऊन गेले. त्यांनी विचारायचं ते विचारलं असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो आत आहे म्हटल्यावर शोध नदीकडे गेला. पोहणारी मुलं उतरली, काठावर गर्दी झाली. आमच्या इमारतीतून पाहायला गेलेली माणसं सव्वीस होती. शेंगदाणे घेऊन गेली होती. नदीत काही सापडलं नाही. स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, मंदिरांबाहेर विचारत फिरणारं त्या दिवसांत कोणीही नव्हतं. मी आणि बायको ऑफिस सुटल्यावर जायचो. दोन माणसं किती ठिकाणी पुरणार?

त्याला सोडलं, कारण त्याच्याविरुद्ध काही नव्हतंच. फोटोखालच्या त्या ओळीपुढे त्याच्या सुटकेला बातमी म्हणावी असं कोणाला वाटलं नाही. "पुरावा नष्ट केला असेल," असं लिहून ग्रुपने तो विषय संपवला. कारखान्याने त्याला काही दिवस घरीच थांबायला सांगितलं. चौकातल्या कागदांवर मुलीच्या फोटोखाली कोणीतरी पेनाने लिहायला लागलं होतं: बापाला विचारा. नंबर त्याचाच असल्यामुळे लोक विचारतही होते. फोन वाजला की तो धावत उचलायचा, आणि पलीकडून शिव्या यायच्या. त्याने नंबर बदलला नाही. मी सुचवलं तेव्हा म्हणाला, "शंभरातला एक फोन खरा आला तर?"

पार्किंगमधल्या मुलांनी एक नवा खेळ काढला होता. एक बाप व्हायचा, डोक्याला रुमाल घट्ट बांधायचा. बाकीचे त्याला धरून ओरडायचे, "सांग, कुठं टाकली?" तो जी जागा सांगेल तिकडे सगळे पळत जायचे. एकदा हा खेळ चालू असताना मुलीचा बाप स्वतः गेटमधून आत आला. मुलं थांबली. वरून एका गॅलरीतून कोणीतरी मोठ्या माणसाने हाक मारली, "अरे, खेळा रे, थांबलात का? आता तर खरा आला."

तो जिना चढून गेला.

मासिक सभेत विषय निघाला तो गेटवर लावलेल्या मुलीच्या फोटोच्या कागदाचा. सेक्रेटरी म्हणाले, पाहुणे येतात, पहिली नजर त्याच्यावर जाते, इमारतीचं नाव खराब होतं. काढायच्या बाजूने सतरा हात वर झाले. तो मागे बसला होता. उठला, गेटवर गेला आणि कोपरे नखाने सोडवून कागद न फाडता काढून आणला.

पुढे तो दर रविवारी एकेका गावाला जाऊ लागला. एसटीने जायचा, जुने कागद पाहायचा, फाटले असतील तिथे नवे लावायचा. उन्हं तापायला लागली तेव्हा मी त्याला म्हटलं की या वेळी माझ्या गाडीने जाऊ. सटाण्याला जायचं ठरलं. वाटेत कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांमुळे उशीर झाला. डोक्यावर केस आले होते, मिशी मात्र त्याने पुन्हा ठेवली नव्हती.

स्टँडच्या बाहेर एका बाईची चहाची गाडी होती. गाडीच्या खांबावर आमच्या इमारतीच्या मुलांनी लावलेल्या कागदाचा वरचा अर्धा भाग अजून टिकला होता. त्याने नवा कागद काढला. बाईने फोटो पाहिला आणि स्वतःशीच बोलल्यासारखी अहिराणीत म्हणाली, "हाई पोर मी देखेल शे."

तो कागद धरून उभा राहिला. मीच विचारलं, "कधी पाहिलीत?"

तिने आमच्याकडे पाहिलं, शहरातली माणसं दिसली म्हणून आमच्यासारखं बोलायला लागली. "तुम्ही कोण तिचे?"

"शेजारी," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. पण ती बोलायला लागली होती.

"दसऱ्याच्या आधी. हा कागद लावला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. एक बाई होती बरोबर, मोठी पिशवी घेतलेली. माझ्याकडून बिस्किटाचा पुडा घेतला. पोर झोपाळल्यासारखी होती, पुडा हातात धरून तशीच उभी. मी कागदाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. म्हटलं, हीच ही."

"मग?" तो म्हणाला.

"मग काय, संध्याकाळी फोन करणारच होते. नंबर होता ना खाली. मुलाला म्हटलं, लाव रे. तर त्याच्याच मोबाईलवर आलेलं, बापानंच मारून नदीत टाकली, दहावा पण उरकला. टकल्याचा फोटो पण होता. मग म्हटलं, ती मेलेली, तर ही दुसऱ्या कोणाची असेल. उगीच कोणा बाईवर आळ का घ्या?"

"कोणत्या गाडीत बसल्या?"

"ते नाही बघितलं हो. गिऱ्हाईक होतं."

"बाई कशी होती दिसायला?"

"बाईसारखी बाई." तिने चहा गाळून एका माणसाला दिला. "फाशी झाली का हो त्या बापाला?"

"अजून नाही," तो म्हणाला. त्याने कागद तिच्यासमोर दोन्ही हातांनी ताणून धरला. "नीट बघा. हीच होती का?"

तिने हात पुसले आणि बराच वेळ पाहिलं. तिला मदत करायची होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"आता काय सांगू, भाऊ," ती म्हणाली. "तेव्हा विचारलं असतं तर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं."

स्टँडसमोर मोबाईलचं दुकान होतं, वर कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून. आम्ही आत गेलो. मालक चांगला माणूस होता, बसायला दिलं, यंत्र उघडून दाखवलं. म्हणाला, महिन्याभराचं साठतं, त्याच्या मागचं आपोआप पुसलं जातं. तेव्हा लगेच आला असता तर सगळं मिळालं असतं, गाडीची पाटीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे सगळं पोलिसांत लिहून दिलं, त्यांनी घेतलं. त्याआधी, सटाण्यातल्या त्या दुपारीच, तो दुकानातून उठून परत स्टँडवर गेला आणि उभ्या असलेल्या एकेका एसटीच्या वाहकाला फोटो दाखवू लागला. मी सावलीत माझ्या गाडीजवळ थांबलो होतो. तिथून मला त्याचा आवाज ऐकू येत होता. प्रत्येक वाहक आधी तोच प्रश्न विचारत होता, तुम्ही कोण तिचे, आणि तो प्रत्येकाला तेच सांगत होता, की मी शेजारी आहे.